काळीचं पांढरं शिंगरू

मालूची आणि माझी ओळख भांडणातून झाली. आमच्या नातवाला, मुकुलला, तेव्हा जेमतेम तिसरा महिना लागला होता आणि त्याला सर्दी झाली होती. माझी सून वल्लरी, तिची आई आणि शेजारच्या एक-दोघी अशा सगळ्यांनी मिळून माझ्या माघारी ठरवलं, की बाळाला गाढवीचं दूध पाजायचं. मी भाजी घेऊन परत येते तो काय, सोसायटीच्या फाटकाशी एक काळी कुळकुळीत गाढवी उभी, मागे तिचं शिंगरू. तिच्या पोटाशी एक बाई उकिडवी बसलेली, हातात पितळेची एवढीशी वाटी. आणि आमची वल्लरी बाळाला दुपट्यात गुंडाळून शेजारी उभी. मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि तोंड सोडलं.

डोंबिवलीतल्या एका शाळेत मी सगळी हयात जीवशास्त्र शिकवलं. न उकळलेलं दूध, तेही रस्त्यावर काढलेलं, तीन महिन्यांच्या पोराला! मी जंतूंपासून सुरुवात केली आणि त्या बाईच्या नखांपर्यंत आले. फाटकाशी ही गर्दी जमली. ती बाई मात्र शांतपणे सगळं ऐकत होती. माझा दम संपल्यावर तिनं वाटीतलं दूध स्वतः पिऊन टाकलं, पदरानं ओठ पुसले आणि वल्लरीला म्हणाली, "आजी नको बोलते तर नको. आजीचा हक्क असतो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, शाळेत होतात का? आवाजावरून वाटलं."

मला हसू आलं. हसू आलं की माझा राग टिकत नाही, हा माझ्या स्वभावातला दोष माझ्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक होता. मुकुलला ते दूध मी दिलं नाही, आजही कोणी विचारलं तर डॉक्टरांकडे जा असंच सांगेन. पण मालूला मी त्या दिवशी चहा दिला आणि गाढवीला भाजीतल्या मुळ्याचा पाला. तेव्हापासून ती डोंबिवलीत आली की आमच्या फाटकाशी थांबते. ती मला बाई म्हणते आणि मी तिला मालू.

मालू राहते आंबिवलीला. स्टेशनपासून आत, नदीच्या अंगाला कुंभारांची काही घरं आहेत, त्यात तिचं सासर. नवरा गुणाजी. त्याच्या बापाकडे म्हणे गाढवांचा तांडाच होता. नदीची माती घरी आणायची, भाजलेल्या विटा बांधकामावर पोचवायच्या, सगळं गाढवांच्या पाठीवर. मग टेम्पो आले, वीटभट्ट्या लांब सरकल्या, जिथून माती उचलायची तिथे टॉवर उभे राहिले. गुणाजी तापाचं निमित्त होऊन गेला. मालूनं एकेक करत गाढवं विकली आणि एकच काळी गाढवी ठेवली. दूध विकायचं तिच्या आत्यानं तिला शिकवलं होतं. आताची भिंगरी ही त्या काळीची मुलगी.

मालू सकाळी आंबिवलीहून निघते, शहाड, कल्याण करत पत्रीपुलावरून डोंबिवलीत उतरते. "गाढवीचं दूध घ्याऽऽ" अशी हाक ती शेवटच्या अक्षराला असा हेलकावा देऊन मारते की चौथ्या मजल्यावरची माणसं खिडकीत येतात. परतीला ओळखीचा टेम्पोवाला दोघींना घेऊन जातो. मालू पुढे ड्रायव्हरशेजारी बसत नाही, मागे भिंगरीजवळ बसते. विचारलं तर म्हणते, "तिला वळणावर भीती वाटते." भीती कुणाला वाटते ते मला माहीत आहे, पण मी बोलत नाही.

आता आमच्या गप्पांबद्दल. वर्गीकरण हा माझा आवडता धडा. कुठलीही गोष्ट दिसली की ती कुठल्या खणात बसते हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे एकदा चहा पिता पिता मी मालूला विचारलं, गाढवांचे प्रकार किती?

"गाढवी तीन," मालू म्हणाली. "काळी, करडी, पांढरी. काळीचं दूध औषधाला. करडीचं कोणी घेतलं तर घेतलं. पांढरीला तर दारात उभं करत नायत."

मी म्हटलं, रंगानं दुधात काही फरक पडत नाही. मालू म्हणाली, "मला म्हायती हाय. पण ते बाळाच्या आजीला सांगा."

मग माझी पाळी. मी तिला सांगितलं, की जगातलं प्रत्येक पाळीव गाढव आफ्रिकेतल्या रानगाढवापासून आलेलं, भिंगरीसुद्धा. आपल्या देशात सरकारदरबारी नाव लागलेल्या गाढवांच्या जाती अगदी थोड्या. हिमालयातली ती बुटकी, केसाळ स्पिती. कच्छची कच्छी. आणि सौराष्ट्रातली हलारी, उंच, पांढरीशुभ्र, स्वभावानं गरीब. आणखीही एखाद-दुसरी असेल. बाकी आपल्याकडची सगळी गावठी गाढवं, करडी काय आणि काळी काय, एकाच खणात. त्या खणाचं नाव, वर्णन नसलेली.

"वर्णन नाय?" मालूनं कप खाली ठेवला. तिला खरोखर राग आला होता. "माझ्याकडून घ्या की मग. कान आतून तांबूस. डाव्या डोळ्याखाली भोवरा. केळ्याचं साल खाते, केळं खात नाय. पोलिसाला बघून थांबते. पोराचा रडण्याचा आवाज आला की कान पुढं करते. अजून काय वर्णन पायजे सरकारला?"

ती गेली तरी दिवसभर मी ते वर्णन आठवून हसत होते. पुढच्या खेपेला तिनं मला बाजारातली पद्धत सांगितली. जेजुरीच्या बाजारात म्हणे गाढवाला जात विचारत नाहीत, तोंड उघडून दात बघतात. दोन दात आलेलं दुवान, चार आलेलं चौवान, सगळे आलेलं अखंड. "तुम्ही अखंड, बाई," ती म्हणाली. मी मान डोलावली. माझी कवळी तिनं पाहिलेली नव्हती.

एक गोष्ट मात्र त्या गप्पांत मला नवीन कळली. गाढवीजवळ तिचं शिंगरू नसेल तर ती दूध वर ओढून घेते. म्हशीसारखं पेंड दाखवून, गोंजारून तिला फसवता येत नाही. शिंगरानं आधी ढुशी द्यायची, मग पान्हा सुटायचा, मग मालूनं वाटी धरायची. म्हणजे शिंगरू नाही तर दूध नाही, आणि दूध नाही तर मालूचं घर चालायचं नाही.

गेल्या दिवाळीच्या सुमारास भिंगरी व्यायली. काळंच शिंगरू झालं. मालूचा आनंदाचा फोन आला. आठवड्यानं दुसरा फोन आला तेव्हा ती नुसतंच "बाई" म्हणाली. मी ओळखलं. बेंबीतून काहीतरी लागण झाली आणि ते पिल्लू ताठ होऊन गेलं. भिंगरी दोन दिवस कोपऱ्यात तोंड करून उभी राहिली, पाण्यालाही तोंड लावेना. मालू म्हणाली, "बाई, ती दारात येऊन ओरडते. एवढं मोठं ओरडते, पण शेजारीपाजारी कोणी काय बोलत नाय. सगळ्यांना कळतं." हे ऐकून मी फोन ठेवला आणि देवासमोर जाऊन बसले. मी फारशी देवभोळी नाही. पण जायला दुसरी जागा सुचली नाही.

त्याच दिवसांत काठेवाडी मेंढपाळ आपली मेंढरं घेऊन पडघ्याच्या बाजूनं उतरले होते. त्यांचं बिऱ्हाड पांढऱ्या गाढवांवर असतं, तीच माझी हलारी. हमरस्त्यावर ट्रकच्या धक्क्यानं त्यांची एक गाढवी मेली आणि मागे तिचं तान्हं शिंगरू राहिलं. कुणीतरी त्या म्हाताऱ्या मेंढपाळाला सांगितलं, आंबिवलीत एका बाईची दुधाची गाढवी आहे, तिचं पिल्लू गेलंय. तो ते शिंगरू खांद्यावर टाकून चालत आला. काही न मागता त्यानं ते मालूच्या अंगणात ठेवलं, हात जोडले आणि गेला. आपल्या लोकांबरोबर ते दोन मुक्कामही टिकणार नाही, हे त्याला माहीत होतं.

पांढरंशुभ्र शिंगरू. पापण्यासुद्धा पांढऱ्या. मालूनं भिंगरीच्या पिल्लाखालचं गवत फेकलेलं नव्हतं, त्यावरच त्याला लोळवलं आणि पुढे सरकवलं. भिंगरीनं आधी लाथ झाडली. मग हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग मान वळवून दुसरीकडे बघत उभी राहिली आणि शिंगरानं कास धरली. मालू मला फोनवर हे सांगताना हसत होती आणि रडत होती. मीही तेच करत होते. वल्लरी स्वयंपाकघरातून डोकावून विचारायला लागली, आई, कोणाला काय झालं?

खरी पंचाईत पुढे झाली. शिंगरू चांगलं चालायला लागल्यावर मालू दोघांना घेऊन कल्याणला फिरतीवर गेली. पहिल्याच गल्लीत एका आजीबाईंनी शिंगराकडे बोट दाखवलं. पांढऱ्या पोराची आई काळी कशी? मग ही अस्सल काळी नाही, हिचं दूध लागू पडणार नाही. दुसऱ्या गल्लीत तेच. मालूनं खरं सांगून पाहिलं, की हे पोरकं आहे, दुसऱ्या गाढवीचं. तर त्या म्हणाल्या, मग तर नकोच, मेलेल्या आईच्या पोराला पाजलेलं दूध बाळाला कशाला? मालू रिकामी वाटी घेऊन घरी आली. असं बरेच दिवस चाललं.

आणि मग मालूनं तो उद्योग केला. मला विचारलं असतं तर मी तिला आडवी पडले असते. पण तिनं कोणालाच विचारलं नाही. तिची मुलगी प्राप्ती वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात नोकरीला आहे, ती सकाळी कामावर गेल्यावर मालूनं दुकानातून केसांना लावायच्या काळ्या मेंदीच्या पुड्या आणल्या, बादलीत कालवल्या आणि शिंगराला शेपटापासून कपाळापर्यंत काळं केलं.

मला कळलं ते तिच्या फोनवरून. "बाई, तुम्ही विज्ञान शिकवायच्या ना? मेंदीचा रंग काढायचा कसा?"

"केसांचा?"

"केसांचाच समजा."

मी खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. काळं झालेलं शिंगरू वाळून आईकडे धावलं, आणि भिंगरीनं त्याला अशी लाथ घातली की ते भिंतीवर आपटलं. तिला त्याचा वासच येईना. येत होता तो मेंदीतल्या औषधाचा उग्र दर्प. तिच्या दृष्टीनं तिचं दुसरं पोरही नाहीसं झालं होतं आणि त्याच्या जागी कोणीतरी परकं येऊन कासेला झोंबत होतं. कालपासून शिंगरू काही प्यायलं नव्हतं. बाटली तोंडात धरत नव्हतं. आणि भिंगरी पुन्हा दारात जाऊन ओरडत होती.

"मी माझ्या हातानं मारलं त्याला, बाई," मालू म्हणाली.

"मेलंय का?"

"नाय अजून."

"मग गप्प बस. मी येते."

मी आमच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, रंग आता लव झडेपर्यंत जायचा नाही, पण वास जाईल. कातडीला आग होत नाही ना ते बघा, कोमट पाण्यानं धुवा, आणि संध्याकाळपर्यंत प्यायलं नाही तर मला बोलवा. मी माळ्यावरून रिठे आणि शिकेकाईचा डबा काढला. वल्लरी म्हणाली, आई, गुडघा! मी म्हटलं, गुडघा बरोबर घेऊनच जाते.

आंबिवलीला पोचले तेव्हा प्राप्ती रजा टाकून घरी थांबलेली होती आणि चुलीवर पाण्याचं मोठं पातेलं चढलेलं होतं. "मी बोललेली मम्मीला, आपण दुसरं काम बघू," ती मला बघताच म्हणाली. "ऐकतच नाय. आणि आता कालपासून जेवलीपण नाय, टेन्शनमध्ये."

शिंगरू अंगणाच्या कडेला पाय दुमडून बसलं होतं. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. काळं कसलं, कुठे जांभळट, कुठे तांबूस, कानामागे पांढरं राहून गेलेलं, पोटाखाली राखाडी पट्टे. आयुष्यभर मी मुलांना सगळं खणात बसवायला शिकवलं, पण हा प्राणी कुठल्याच खणात बसला नसता. पापण्या मात्र पांढऱ्याच होत्या. डोळ्यांना इजा होईल म्हणून मालूनं तिथे हात लावला नव्हता. त्या पापण्यांची उघडझाप फार हळू होत होती. मी रागावायचं ठरवून आले होते, ते विसरले.

आम्ही तिघी त्याला धुवायला बसलो. रिठ्याचा फेस, मग पाणी, पुन्हा शिकेकाई, पुन्हा पाणी. पहिलं पाणी शाईसारखं गेलं, मग चहासारखं. शिंगरू विरोधही करत नव्हतं आणि ते मला मुळीच आवडत नव्हतं. भिंगरी दावणीला बांधलेली होती, आमच्याकडे पाठ करून. दर थोड्या वेळानं मालू त्याच्या मानेत नाक खुपसून वास घ्यायची आणि म्हणायची, "हाय अजून."

धुता धुताच ती बोलायला लागली. मान वर न करता, हात चालू ठेवून. प्राप्ती तिच्या पोटची नव्हे, हे मला तेव्हा कळलं. गुणाजीची पहिली बायको बाळंतपणानंतर वर्षाच्या आत गेली, आणि मालू लग्न होऊन आली ती रांगत्या मुलीची आई होऊनच. मूल जवळ येईना. सासूनं युक्ती सांगितली. गेलेल्या सुनेची साडी मालूला नेसवली, तिचंच तेल डोक्याला लावलं, तिचीच काकणं हातात भरली. म्हणजे पोरीला वाटेल आई आली.

"आणि ही अजून जास्त रडायची," मालू म्हणाली. "वास आईचा, नि माणूस भलतंच. लांबून हात पसरून यायची, आणि जवळ येऊन माझं तोंड बघितलं की किंचाळायची. मला वाटायचं, मी हिच्यासाठी भूत हाय. महिनाभर मी त्या साडीत होते, बाई. मला माझाच राग यायचा."

"मग?" मी विचारलं.

"मग एकदा मातीत बसलेली. चाकासाठी माती मळत होते. चिखलात बसायचं म्हणून माझी जुनी साडी नेसलेली, कोपरापर्यंत चिखल. ही आली रांगत. मी बोलावलंपण नव्हतं. आली आणि चिखलात थापट्या मारत बसली माझ्यापाशी. मग मांडीवर आली. मग झोपली."

प्राप्ती पातेल्यातून तांब्यानं पाणी काढत होती. ती म्हणाली, "हे तू मला कधी नाय सांगितलंस. बाकी सगळं सांगितलंस, हे नाय."

"काय सांगायचं? माझी लाज होती ती."

प्राप्तीनं तांब्या खाली ठेवला आणि ओल्या हातानंच मालूच्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं आपण उठून आत जावं. पण माझे हात शिंगराच्या फेसात अडकले होते, म्हणून मी खाली बघत राहिले.

मालू मात्र एकाएकी थांबली होती. तिनं शिंगराच्या मानेचा पुन्हा वास घेतला आणि म्हणाली, "गेलाय. पण बाई, आता ह्याला कसलाच वास नाय. रिठ्याचाच येतो."

ती उठली, परसात गेली. तिथे जमिनीत एक उथळ खळगा होता. गाढव दिवसातून एकदा तरी मातीत लोळतं, आणि ही भिंगरीची लोळायची जागा होती. वर्षानुवर्षं लोळून तिथली माती पिठासारखी झाली होती. मालूनं पदरात ती माती भरून आणली. शिंगराला कोरड्या फडक्यानं पुसलं आणि ती माती त्याच्या अंगाला चोळायला लागली. पाठ, मान, पोट, पायांच्या बेचक्या. मग भिंगरीच्या पोटाशी बसून तिनं बळेच चार थेंब काढले. भिंगरी देत नव्हती, तरी काढले, आणि ते शिंगराच्या शेपटीच्या बुडाशी आणि कपाळावर लावले. एवढं करून तिनं भिंगरीचं दावं सोडलं आणि आम्हाला भिंतीकडे जायला खुणावलं.

उन्हं कलली होती. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझा गुडघा ठणकत होता. शिंगरू कसंबसं उठलं. चारी पाय फाकवून उभं राहिलं आणि तिथेच थांबलं, कारण त्यालाही लाथेची भीती बसली होती. भिंगरी वळली. तिनं कान मागे पाडले. मालूनं माझं मनगट धरलं. भिंगरी दोन पावलं पुढे आली आणि तिनं शिंगराच्या पाठीवर नाक टेकवलं. फुरफुरली. माती उडाली. मानेशी हुंगलं, पोटाशी हुंगलं, पुन्हा शेपटीशी आली. मग तिचे कान हळूहळू पुढे झाले.

शिंगरू जागचं हललं नाही. भिंगरीच सरकली. सरकत सरकत तिनं आपलं अंग असं आणलं की कास त्याच्या तोंडापाशी यावी. तरी ते पिईना. तेव्हा तिनं त्याला मागून नाकानं ढोसलं. आणि मग मला तो चुटचुट आवाज आला, आणि मी तिथे, त्या चिखलाच्या अंगणात, मोठमोठ्यानं रडले. मालू रडली नाही. ती खाली बसली, प्राप्तीकडे बघून म्हणाली, "भाकरी हाय का गं?"

डॉक्टरांना बोलवावं लागलं नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी मालू दोघांना घेऊन डोंबिवलीत आली. मी वरून हाक ऐकली आणि जिना उतरले. शिंगरू अंगानं भरलं होतं, पण आता अगदीच विचित्र दिसत होतं. जुना रंग विटून जांभळट झालेला आणि मुळाशी नवी पांढरी लव उगवलेली. त्याच्या तोंडाला सुतळीचं मुसकं बांधलं होतं. फिरतीवर शिंगरानं वाटेतच सगळं पिऊन टाकू नये म्हणून तसं बांधतात. गिऱ्हाईक आलं की मुसकं क्षणभर काढायचं, पान्हा सुटला की पुन्हा चढवायचं.

फाटकाशी तीन-चार बायका जमल्या होत्या. आमच्याच सोसायटीतल्या समीक्षाची मुलगी, मुकुलच्या बरोबरीची, खोकत होती, तिच्यासाठी समीक्षाच्या सासूबाई वाटी घेऊन उतरल्या होत्या. त्यांनी शिंगराला निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, हे तर रंगवलंय!"

"व्हय," मालू म्हणाली.

"म्हणजे गाढवीपण रंगवलेली असणार!"

समीक्षानं पिशवीतून बाळाचे ओले रुमाल काढले. तिच्या सासूबाईंनी एक घेऊन भिंगरीची पाठ घासली. रुमाल धुळीनं मळला, काळा झाला नाही. त्यांनी दुसरा घेतला आणि मान घासली. भिंगरी मुकाट उभी होती. मी पुढे व्हायला निघाले. जंतूंपासून नखांपर्यंत सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. पण मालूनं हातानं मला थांबवलं.

"ती काळीच हाय," मालू म्हणाली. "हे पांढरं हाय, काठेवाडी. हिचं नाय. ह्याची आई मेली नि हिचं पोर मेलं. तुम्ही घेणार नाय म्हणून मी ह्याला रंगवलं, ते चुकलं माझं. परत नाय रंगवणार. घ्यायचं तर असं घ्या."

सासूबाईंनी मळका रुमाल समीक्षाच्या हातात दिला. मग म्हणाल्या, "नको बाई, लहान पोराला धोका कशाला," आणि समीक्षाला घेऊन आत गेल्या. बाकीच्याही पांगल्या. शास्त्राच्या दृष्टीनं मला बरंच वाटायला हवं होतं. पण मला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं.

मालूनं वाटी पिशवीत ठेवली. आता ती दोर ओढून पुढच्या गल्लीत जाईल असं मला वाटलं. पण ती शिंगराजवळ वाकली आणि तिनं मुसक्याची गाठ सोडली. भर दुपारी, आमच्या सोसायटीच्या फाटकात, येणाऱ्या-जाणाऱ्या स्कूटर वळसा घालून जात असताना शिंगरू भिंगरीच्या पोटाखाली शिरलं आणि प्यायला लागलं. भिंगरीनं एक पाय सैल सोडला आणि डोळे मिटले.

मालू पायरीवर बसली. मी गुडघा सांभाळत तिच्याशेजारी बसले. पुढची गल्ली अजून बाकी होती, तिथे कोणी घेईल न घेईल, आणि विकायचं होतं ते दूध असं पोटात चाललं होतं. मी म्हटलं, "अगं, सगळं संपवेल ते."

"पिऊ दे, बाई," मालू म्हणाली. "आज काय घाई नाय."